तड्याचा सत्कार

एका गावात एक चारमजली इमारत होती आणि तिच्या दाराशी एक भोळा पहारेकरी होता. त्याचे नाव नारबा. सांगितलेले काम तो अक्षरशः करी. त्यात स्वतःची अक्कल मिसळणे त्याला भेसळ वाटे.

इमारतीच्या सोसायटीचे सेक्रेटरी होते चिंदरकर. यांच्याजवळ अक्कल होती, पण ती लपवाछपवीतच खर्ची पडे. त्यांच्या बाल्कनीत शिसवी झोपाळा होता आणि झोपाळ्यामागच्या भिंतीत भला मोठा तडा. तड्यावर त्यांनी कॅलेंडर टांगले होते. त्याचा खिळा नारबानेच धरला होता आणि "हा तडा इमारतीइतकाच जुना," हे साहेबांचे वाक्यही त्यानेच ऐकले होते.

एके दिवशी नगरपालिकेचे पत्र आले. चौथ्या दिवशी अभियंता बाल्कन्या तपासणार. जी धोक्याची आढळेल ती कायमची बंद. चिंदरकर कामाला लागले. माणसांसाठी नव्हे, झोपाळ्यासाठी.

"नारबा, घरोघरी जा. बाल्कनीत काठीने ठोकून बघ. जिथं पोकळ वाजेल तिथं फोड."

नारबा इंदुमतीकाकूंच्या बाल्कनीत गेला. तेथे धुतलेल्या तीन बरण्या उन्हात वाळत होत्या. त्याने ठोकले. पोकळ वाजले. त्याने फोडल्या.

"मेल्या, सासूबाईंच्या वेळच्या बरण्या त्या!"

"पोकळ होत्या, काकू."

चिंदरकर कडाडले, "अरे शहाण्या, दोष दिसला की फोडायचा नसतो. झाकायचा!"

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर राणेबाईंच्या बाल्कनीचा कठडा निखळलेला दिसला. नारबाने त्यावर चादर घातली आणि तो निघून गेला. राणेबाईंनी चादरीवर ओली गोधडी टाकली. गोधडी, चादर आणि कठडा अशी तिन्ही चिंदरकरांच्या स्कूटरवर उतरली. राणेबाई थोडक्यात वाचल्या.

"सांगायचं नाही का रे, मुडद्या?"

"दोष होता, बाई. झाकला."

स्कूटरकडे पाहत चिंदरकर म्हणाले, "मोडकं दिसलं तर पाटी अडकव! लिही, 'मोडके आहे, हात लावू नये.'"

तिसऱ्या दिवशी ऐंशी वर्षांचे दामूतात्या बाल्कनीत गुडघा चोळत बसले होते. "नारबा, गुडघा पार मोडला रे." नारबाने त्यांच्या गळ्यात पाटी अडकवली. सून चहा घेऊन आली, तिने पाटी वाचली आणि ती चहासकट परत गेली.

"गाढवा!" चिंदरकरांचा आवाज चिरकला. "म्हाताऱ्याला पाटी? जितकं जुनं, तितका मान द्यावा! शाल, हार, श्रीफळ!"

"आणि नमस्कार?"

"आणि नमस्कार!"

चौथ्या दिवशी अभियंत्याला मऊ करण्यासाठी चिंदरकरांनी सत्काराचे ताट सजवले आणि ते नारबाच्या हाती दिले. "सांभाळ. मानाचं आहे." एवढे बोलून ते पाहुण्याला आणायला खाली गेले.

नारबा विचारात पडला. मान जुन्याचा. तात्या तर या इमारतीत परवापरवा राहायला आलेले. मग येथे सर्वांत जुने कोण?

अभियंता चिंदरकरांच्या बाल्कनीत शिरला आणि थबकला. कॅलेंडर जमिनीवर होते. खिळ्यावरून भिंतीतल्या तड्याच्या दोन्ही अंगांनी शाल सोडली होती, त्यालाच हार होता, पायथ्याशी नारळ होता. समोर नारबा हात जोडून उभा.

"हा सत्कार कोणाचा?"

"तड्याचा, साहेब. इमारतीत सगळ्यात जुने हेच."

चिंदरकर ओशाळून हसले. "भोळा आहे हो! रंगावरची रेघ आहे ती नुसती. ओल्या फडक्यानं पुसली की जाते."

अभियंत्याने रेघेकडे पाहिले, मग चिंदरकरांकडे. सेक्रेटरीच सांगतात म्हटल्यावर त्याने कागदावर 'सुरक्षित' लिहायला घेतले.

नारबाला मात्र हे खटकले. ज्याला आत्ताच शाल घातली, त्याला रेघ म्हणायचे? आणि आजवर सोसायटीचा एकही सत्कार असा अर्ध्यावर संपला नव्हता.

"थांबा, साहेब. सत्कारमूर्तींचे दोन शब्द राहिले."

आणि बोलण्याआधी माइक ठोकून पाहतात, तसे त्याने काठीने भिंतीवर ठोकले.

पोकळ वाजले. मग शालीसकट भिंतभर गिलावा सुटला आणि झोपाळ्यावर कोसळला. झोपाळ्याचे दोन तुकडे झाले. भिंतीतून गंजलेल्या सळया बाहेर डोकावल्या.

अभियंत्याने लिहिलेले खोडले. चिंदरकर डोक्याला हात लावून मटकन खाली बसले.

नारबाने अंगावरची धूळ झटकली आणि आदराने टाळ्या वाजवल्या.

"मोजकंच बोलले," तो म्हणाला.