सरळलेपाचा धूर

पूर्वी अश्मक देशातल्या पोतली नगरीत सुबाहू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व केशकारांच्या कुळात जन्मला होता. वयात आल्यावर तो नगरातल्या सर्वांत मोठ्या केशशाळेचा आचार्य झाला. राणीवशातल्या स्त्रिया त्याच्याकडे येत, तशा कुंभारवाड्यातल्याही येत. कुणी न्हायला, कुणी वेणी घालून घ्यायला, तर कुणी नुसतीच गप्पा मारायला!

त्या शाळेत वल्लिका नावाची एक प्रसाधिका होती. तिचा हात हलका होता, पण बायका तिच्यापुढे बसायला थांबत त्या तिच्या गाण्यासाठी. फणी फिरवताना ती गात असे आणि केसांतला गुंता कधी सुटला ते कुणाला कळतही नसे. तिचा नवरा व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर दूर गेलेला होता. घरी एकटी सासू होती आणि ती आंधळी होती. संध्याकाळी गल्लीच्या वळणावरूनच वल्लिका हाक मारी, "आत्याबाई, आले हो!" ती हाक ऐकली की म्हातारी चाचपडत उठून ताटे मांडायला घेई. म्हातारीचा दिवस त्या हाकेला मावळायचा.

पोतलीच्या केशकारांची एक जुनी रीत होती. नवे तेल असो, नवा लेप असो, तो आधी आचार्याने आपल्या डोक्याला लावून घ्यायचा. मध्ये एक पौर्णिमा जाऊ द्यायची. केस गळले नाहीत, कातडीला खाज सुटली नाही, तरच तो दुसऱ्याच्या डोक्याला लावायचा. बोधिसत्त्वाने ही रीत कधी मोडली नव्हती.

एकदा समुद्रकाठच्या बंदरातून पिंगल नावाचा व्यापारी आला. त्याच्याकडे झाकणबंद बरण्यांत एक लेप होता. "सरळलेप म्हणतात याला," तो म्हणाला. "कोमट करून केसांना चोपडा, वरून तापल्या लोखंडी पट्टीने दाबा. कसलेही कुरळे केस असोत, रेशमासारखे सरळ होतात. फक्त दारं-खिडक्या घट्ट लावा. वारा लागला की लेप थिजतो आणि केस पुन्हा वळतात."

रीतीप्रमाणे बोधिसत्त्व स्वतः बसला आणि वल्लिकेने त्याच्या केसांना लेप लावला. पट्टी दाबली तसा पांढरा धूर उठला आणि बोधिसत्त्वाच्या डोळ्यांतून पाणी आले. दार उघडले तेव्हा त्याचे जन्माचे कुरळे केस खांद्यावर सरळ उतरले होते. पौर्णिमा गेली. एक केस गळला नाही, डोक्यावर पुरळ नाही की चट्टा नाही. बोधिसत्त्व म्हणाला, "लेप चांगला आहे."

मग काय विचारता! पोतलीत बहुतेकांचे केस कुरळे. केस सरळ झाले म्हणून कुणाचा स्वभाव सरळ होत नाही, पण हौसेला कोण समजावणार? सकाळपासून शाळेच्या दारात रांग लागू लागली. लेप लावून घेणारीच्या डोळ्यांत पाणी आले की बाकीच्या टाळ्या वाजवत, "पाणी आलं, लेप लागला!" जिचे डोळे कोरडेच राहत ती हिरमुसून म्हणे, "अगं वल्ले, कंजूषपणा करू नकोस, अजून घाल की!" आणि वल्लिका हसून आणखी लेप घाली.

लेप लावून घेणारी बाई उठून घरी जाई. तिच्या जागी दुसरी बसे. वल्लिका मात्र तिथेच, त्या बंद खोलीत, लेपाच्या तापत्या पात्रावर वाकलेली. आधी तिचे डोळे लाल झाले. मग घशात काहीतरी टोचू लागले. चिंच बाधली असेल, असे म्हणून ती ज्येष्ठमध चघळत राहिली. हळूहळू गाणे थांबले. तिने कुणाला काही सांगितले नाही. सगळी नगरी आपल्या हाताचे नाव घेते आहे, आणि आपण खोकल्याचे रडगाणे गायचे? तिला ते कमीपणाचे वाटले.

एके दिवशी काम आटोपल्यावर पात्रात थोडा लेप उरला. वल्लिकेलाही हौस होतीच. मैत्रिणीकडून तिने तो आपल्या केसांना लावून घेतला आणि आरशात पाहून खुशीत घरी निघाली. वळणावर येऊन तिने हाक मारायला तोंड उघडले. आवाज फुटलाच नाही.

ती तशीच दारात आली. पावले ऐकून म्हातारीने मान वर केली. "कोण आहे?"

"मी," वल्लिका म्हणाली. सुक्या पानावर पाय पडावा तसा आवाज आला.

"कोण बाई तुम्ही? आमची वल्ली अजून आली नाही घरी."

वल्लिकेने घाईने सासूचा हात धरून आपल्या डोक्यावर ठेवला. म्हातारीची बोटे केसांवरून फिरली आणि तिने हात झटकन मागे ओढला. "माझ्या सुनेचे केस कुरळे आहेत," ती घाबरून म्हणाली आणि काठी शोधू लागली. "अहो, कुणी आहे का शेजारी? घरात कोण शिरलंय बघा!"

आपल्याच घरात आपण परक्या झालो! काय करावे ते तिला सुचेना. शेवटी ती खाली बसली आणि रोज रात्री चेपायची तसे सासूचे पाय चेपू लागली. म्हातारीचा हात काठीवरच थबकला. "वल्ले?" तिने विचारले. "अगं, तुझं हे काय करून ठेवलंय गं कुणी?" मग दोघीही रडल्या.

दुसऱ्या दिवशी बोधिसत्त्वाने विचारले, "हल्ली तुझं गाणं ऐकू येत नाही."

"सर्दी झालीय, आचार्य," ती कशीबशी बोलली.

बोधिसत्त्वाने तिच्या डोळ्यांकडे पाहिले. "आज तू अंगणात बस. पात्रापाशी मी बसतो."

त्या दिवशी त्याने सगळ्यांना स्वतः लेप लावला. दुपारपर्यंत त्याला पट्टी नीट दिसेना. संध्याकाळी खोकल्याने तो वाकला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा बसला, तिसऱ्याही दिवशी बसला. मग त्याने पात्र पालथे घातले, अंगणात वल्लिकेसमोर येऊन हात जोडले आणि म्हणाला, "चूक माझी आहे, बाई. रीतीने मी बसणाऱ्याचं डोकं तपासलं. लावणारीचा श्वास तपासायचं माझ्या मनातही आलं नाही. मी एकदा बसून उठलो आणि चांगलं म्हणालो. तू रोज बसत होतीस."

वैद्याने वल्लिकेचा घसा पाहिला. "विश्रांती घेतली तर आवाज येईल," तो म्हणाला. "पण पुन्हा त्या धुरात बसलीस तर मग आशा सोड."

बोधिसत्त्वाने सरळलेप बंद केला. बायका रुसल्या. पिंगल समजूत घालायला आला, "अहो आचार्य, एक झरोका उघडा ठेवा. होते सवय हळूहळू!" बोधिसत्त्वाने त्याच्या उरलेल्या बरण्या परत केल्या.

पण त्याच आठवड्यात पिंगलकडून घेतलेली लेपाची बरणी घेऊन राजाचा दूत आला. राजकन्या मंदारिकेचे लग्न उत्तरेकडच्या राजपुत्राशी ठरले होते, आणि तिकडे म्हणे सरळ केसांचे मोठे कौतुक. राजाज्ञा अशी की राजकन्येचे केस सरळ करावेत, आणि तेही वल्लिकेच्याच हातून. ते ऐकताच वल्लिकेचा हात आपोआप गळ्याकडे गेला. राजाला नाही म्हणायचे तरी कसे? आणि हो म्हटले तर आत्याबाईंना पुन्हा हाक कशी मारायची?

बोधिसत्त्व तिला घेऊन राजवाड्यात गेला. राजाला वंदन करून तो म्हणाला, "महाराज, आमच्या रीतीत एक नवी भर पडली आहे. ज्याची आज्ञा, त्याने आधी पात्रापाशी बसायचं. मी राजकन्येच्या केसांना हात लावत नाही. एका गंगावणाला लेप लावतो. ते सरळ होईपर्यंत महाराजांनी माझ्या शेजारी बसावं. मग जी आज्ञा होईल ती."

राजा मोठ्याने हसला. "बसतो की! रणात उभा राहिलो, आता धुराला भिऊ?"

खोलीची दारे लावली गेली. बाहेर राजकन्या आणि वल्लिका उभ्या राहिल्या. आधी राजाचे हसणे ऐकू आले. मग शिंक. मग खोकला, थांबून पुन्हा खोकला. "दार उघडा!" आतून आवाज आला. बोधिसत्त्व शांतपणे म्हणाला, "वारा लागला तर लेप थिजेल, महाराज. अजून अर्धंही झालं नाही."

धाडकन दार उघडले. राजा डोळे चोळत बाहेर आला. त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होते. मागून बोधिसत्त्व आला, त्याच्या हातात अर्धे सरळ आणि अर्धे कुरळे गंगावण होते.

"ही रोज बसत होती यात?" राजाने वल्लिकेकडे वळून विचारले. "बोल, बाई. भिऊ नकोस. मला तुझ्या तोंडून ऐकू दे."

वल्लिकेने तोंड उघडले. तिने जोर लावला, गळ्याच्या शिरा ताणल्या. नुसती हवा बाहेर आली.

राजाची मान खाली गेली. मग मंदारिकेने बोधिसत्त्वाच्या हातातले गंगावण घेऊन पाहिले आणि दासीकडे दिले. "सासरी कुणाला सरळ केस बघायचेच असतील तर हे बांधून पाठवा," ती म्हणाली. "मी आहे अशीच जाईन. आणि बाबा, माझ्या लग्नातली वेणी ही वल्लिकाच घालेल. खिडक्या उघड्या ठेवून."

राजाने सरळलेप नगरीत आणायला मनाई केली. केशकारांची रीतही तेव्हापासून बदलली. नवा लेप आला की आचार्य आधी आपल्या डोक्याला लावून घेई आणि मग लावणारीच्या जागी बसून तिचे काम करी. तिथे त्याला सुखाने बसता आले, तरच लेप चांगला ठरे.

वल्लिकेचा आवाज हळूहळू परत आला, पण पूर्वीसारखा नाही. वर चढला की चिरकायचा. मुळाशी कुरळे केस फुटू लागले होते, तेव्हा एका संध्याकाळी तिने वळणावर थांबून भीतभीत हाक मारली, "आत्याबाई, आले हो!"

आत ताटे वाजली. "आवाज फाटका का असेना," म्हातारी दारातून म्हणाली, "माझ्याच सुनेचा आहे. ये, हातपाय धू."

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, विहाराच्या मागच्या पडवीत सांगितली. तिथे भांडारी भिक्षूच्या सांगण्यावरून एक तरुण भिक्षुणी झाकल्या दारांआड भिक्षूंच्या चीवरांसाठी सालींचा रंग उकळत असे. चीवरांचा रंग किती सुरेख उतरला म्हणून सगळे वाखाणत, तिच्या खोकल्याची चौकशी कुणी केली नव्हती. त्या दिवशी शास्ते स्वतः आत जाऊन चुलीपाशी बसले आणि पाणावलेल्या डोळ्यांनी बाहेर आले. कथा संपवून ते म्हणाले, "तेव्हाचा राजा म्हणजे आज इथला भांडारी भिक्षू. मंदारिका म्हणजे तुमच्यातली ज्येष्ठ भिक्षुणी. ती आंधळी सासू या मुलीची या जन्मीची आई झाली. वल्लिका म्हणजे ही रंग ढवळणारी, आणि केशशाळेचा आचार्य मी होतो. दुसऱ्याचं दुःख लांबून बघून कळत नाही, त्याच्या जागेवर जाऊन बसावं लागतं. त्या जन्मी मी जी शिकलो, ती करुणा हीच."

भांडारी भिक्षू उठला. त्याने पडवीची दारे उघडली, भिक्षुणीच्या हातातला ढवळायचा दांडा घेतला आणि तिच्या जागी बसला.