न वाळणाऱ्या गोधड्या

उठा आधी तिथून. सपाट दगड दिसला की शहरातला माणूस बसलाच. हात लावून बघा, ओला आहे. वर ऊन रणरणतंय, डोहाचं पाणी पार खाली गेलंय, पाऊस पडून महिने झाले, आणि हा दगड ओला. असे चार आहेत, घडी करून ठेवल्यासारखे, आणि प्रत्येकावर कडेकडेनं बारीक रेघा. आमच्या धारखोलात यांना गोधड्याच म्हणतात. त्या रेघा म्हणजे टाके. येणारा प्रत्येक जण मला विचारतो, "आजोबा, खालून पाणी झिरपत असेल ना?" असेल बाबा. तुम्ही शिकलेली माणसं. मी आपलं ऐकलेलं सांगतो.

चहा मिळेल, घर हे वरच आहे, पण वेळ लागेल. का, ते कळेलच.

तर असं सांगतात, की फार पूर्वी या डोहाच्या वरच्या अंगाला हैबती नावाच्या म्हाताऱ्याचं घर होतं. बायको वारलेली. तीन मुलगे, त्यातल्या थोरल्याचंच लग्न झालेलं. म्हणजे घरात चार बाप्ये आणि बाई एकटी, ती थोरली सून गोजरा. या खोऱ्यात थंडी हाडात शिरते. गोजरानं पहाटे उठून चौघांसाठी पाणी तापवायचं, अंगणात शेकोटी पेटवायची, हुलग्याचं माडगं करायचं आणि ते ज्याच्या त्याच्या गोधडीपाशी नेऊन द्यायचं. तिची त्याबद्दल तक्रार नव्हती. थंडी काही सासऱ्यानं आणली नव्हती.

पौषात एक कासार बांगड्या भरायला आला. त्यानं गोजराच्या माहेरचा निरोप आणला, की तुझी आई अंथरुणाला खिळली आहे आणि 'गोजरा कधी येते' एवढंच विचारते. माहेर डोंगरापलीकडे, दिवसभराच्या चालीवर. गोजरानं सासऱ्याला विचारलं. हैबती काही वाईट माणूस नव्हता, म्हणे. गोधडीतून तोंड बाहेर काढून तो म्हणाला, "जा की. कोन नगं म्हंतंय? पर येवढी थंडी सरू दे. पानी कोन तापवील?"

गोजरानं कासाराबरोबर उलटा निरोप धाडला, थंडी सरली की येते. पण थंडी सरली हे ठरवायचं कुणी? तर हैबतीनं, आणि तेही गोधडीत बसून. मला विचाराल तर सगळा घोळ इथेच आहे.

माघात आंब्याला मोहोर आला. गोजरा म्हणाली, "आबा, आता जाऊ का?" हैबतीनं एक पाय गोधडीबाहेर काढला आणि लगेच आत घेतला. अजून गारठा आहे, म्हणाला. फाल्गुन लागला. बांधावरचा पांगारा लालभडक झाला, उंबऱ्यापर्यंत ऊन येऊ लागलं, कोंबड्या सावली शोधू लागल्या. गोजरानं पुन्हा विचारलं.

"पांगाऱ्याला काय कळतंय?" हैबती म्हणाला. "हितं आत येऊन भिताडाला हात लाव."

नवऱ्याकडे गेली, तर त्याचं एकच पालुपद, "आबा म्हंतील तसं." दिरांनी तर गोधडी डोक्यावरून ओढून घेतली. आयतं कढत पाणी मिळत असताना कोण कशाला बोलेल? होळी जळाली, थंडी पळाली, हे गावातलं शेंबडं पोरही म्हणतं. होळीही जळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी चौघेही तसेच पांघरुणात, आणि म्हातारा म्हणतो, "पानी जरा कढत काढ गं."

बाईनं किती सोसायचं, सांगा मला.

रंगपंचमीच्या सकाळी गोजरानं चूल पेटवलीच नाही. ऊन चांगलं वर आलं होतं. ती आत गेली आणि एकेकाच्या अंगावरची गोधडी ओढून काढली. हैबतीची ओढली, तर ती घामानं चिंब होती, म्हणे. म्हातारा घामाघूम होऊन थंडीच्या गोष्टी सांगत होता.

"अगं, थंडी वाजतीया," तो ओरडला.

"वाजू द्या," गोजरा म्हणाली.

चारही गोधड्या तिनं डोक्यावर घेतल्या आणि या डोहावर आली. बरोबर पाचवीही होती, तिची स्वतःची. आईनं आपल्या जुन्या लुगड्यांची शिवून दिलेली, सासरी आणलेली एवढीच वस्तू. डोहात साती आसरांची, पाण्यातल्या सात देवींची, वस्ती आहे, हे तुम्हाला माहीत नसेल, पण पाण्यात उतरण्याआधी माहीत असलेलं बरं. गोजरानं चार गोधड्या पाण्यात बुडवून, घडी करून काठावर ठेवल्या, आणि स्वतःची डोहात सोडून दिली. म्हणाली, "आयांनो, माझी तुमी घ्या. पर ह्यांच्या वाळू देऊ नगा. माझी आई सरायच्या आधी ह्यांची थंडी सरू दे." आणि ओल्या लुगड्यानं तशीच डोंगर चढू लागली.

दुपारी बापलेक गोधड्या आणायला आले. एकही उचलेना. भिजलेली गोधडी जड असतेच, पण या हलेनातच. हैबती खाली वाकला, हात लावला, तर हाताला दगड लागला.

म्हातारा खवळला. दुसऱ्या दिवशी सुनेला जाब विचारायला तो स्वतः डोंगर ओलांडून तिच्या माहेरी गेला. पोचेपर्यंत घामानं पागोटं भिजलं. दारातच विहीणबाई अंथरुणावर बसलेल्या. गोजरा त्यांना पेज भरवत होती, आणि शेजारी एक जाड गोधडी घडी करून ठेवलेली. शेजारणीनं मग हैबतीला सांगितलं, की कासाराचा निरोप आल्यापासून म्हातारीनं ती गोधडी अंगावरून काढली नव्हती. थंडी सरली की लेक येणार होती ना! लेक आली नाही, म्हणजे थंडी सरली नाही. फाल्गुनाच्या उन्हात घामानं अंग भिजलं, अंगावर पुरळ उठलं, तरी कुणाला हात लावू देईना. गोजरा आदल्या संध्याकाळी दारात उभी राहिली, तेव्हा म्हातारीनं ती आपल्या हातानं बाजूला केली.

विहीणबाईंनी व्याह्याकडे पाहिलं. "व्याहीबुवा," त्या म्हणाल्या, "तुमच्याकडची थंडी सरली का? माझी काल सरली."

हैबतीनं पागोटं सोडून घाम पुसला. पाणी पिऊन तो एकटाच परतला. गोजरा आईला हिंडतीफिरती करून, पावसाच्या तोंडावर आपल्या पायानं सासरी आली. तोवर हैबती आपलं पाणी आपण तापवायला शिकला होता. त्यानंच मग गावाला नेम घालून दिला.

आजही रंगपंचमीला धारखोलातले सगळे बाप्ये या डोहावर गोधड्या धुतात. कुणी कुरकुरतं, कुणाची कंबर धरते, तरुण पोरं वॉशिंग मशीनची भाषा करतात, पण धुतात. आणि त्या दिवशी गावातल्या बाया माहेरी जातात. 'जाऊ का' असं कुणी विचारत नाही, आणि त्यांनाही कुणी काही विचारायचं नाही.

हैबती आमच्याच घरचा. काल पंचमी झाली. सून सकाळीच गेली. मग आमची म्हातारीही पिशवी घेऊन निघाली. तिची आई जाऊन कैक वर्षं झाली, भाऊ राहिला नाही, माहेरच्या घराला कुलूप आहे. दरवर्षी जाते, चार दिवसांनी येते. कुठे बसते, काय खाते, देव जाणे. काल मी इथेच गोधडी पिळत होतो, ती पुढ्यातून गेली. अगदी ओठांवर आलं होतं, की अगं, तिथं आता आहे कोण? पण नेम आमच्याच घराण्यानं घातलेला. गोधडी पिळत राहिलो.

बसा आता. त्या दगडावर नको, इकडे. साखरेचा डबा ती कुठे ठेवते ते एकदा सापडलं, की चहा होईल.