ठकूचा डागाळलेला घडा

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा उंबरठाणच्या नदीला उन्हाळ्यातही पाणी असायचं. यावर तुमचा विश्वास बसणार नाही, पण पुढचं त्याहून अवघड आहे, तेव्हा इथंच सवय करून घ्या.

त्या उंबरठाणात सटवा कुंभाराची ठकू नावाची लेक होती. ती वयात आली आणि तिच्या गालांवर पुटकुळ्या उठल्या. पुटकुळ्या यायच्या, जायच्या, पण जाताना काळा डाग मागे ठेवायच्या. बघता बघता दोन्ही गाल डागांनी भरले. ठकूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळ्या बाया पाणी भरून परतल्या, की मग ती नदीवर जायची, आणि पदर इतका पुढे ओढायची, की तिला वाटही दिसू नये. असं म्हणतात, की एकदा ती म्हशीवर जाऊन आदळली आणि तिला "चुकलं हं मावशी" म्हणून पुढे गेली.

डाग घालवायला तिनं काय केलं? कुंभाराचीच पोर ती. मडक्यावर धुराचा डाग पडला, की तिचा बाप तो विटकरीच्या तुकड्यानं घासून काढायचा. ठकूनं तोच तुकडा उचलला आणि गाल घासले. गाल सोलवटले, खपल्या धरल्या, आणि खपल्या पडल्यावर डाग पहिल्याहून काळे निघाले.

आईनं पाहिलं, पण ती ओरडली नाही. "बये, विटकर भाजल्या मडक्याला लावत्यात. कच्च्याला कुणी घासतं व्हय? कच्च्याला ओला हात फिरवायचा, सावलीत ठेवायचं आन वाट बघायची. तुझी कातडी अजून कच्ची हाय."

तेव्हापासून ठकू गार पाण्यानं तोंड धुवायची, गाळलेल्या मातीचा हात हलकेच फिरवायची. उन्हात जाईना, गालाला नख लावीना. पण डाग काही घाई करेनात.

अशात पाटलाच्या चंपाचं लग्न निघालं. उंबरठाणची रीत अशी, की मांडवात घड्यांची उतरंड रचायची आणि तिचा सगळ्यात वरचा घडा कुंभाराच्या लेकीनं डोक्यावर घेऊन वाजतगाजत गावातून न्यायचा. कुंभाराच्या घरी लेक एकच. ठकू रात्रंदिवस रडली. त्यात भट्टी उघडली, तर नेमका वरचा घडाच काळा डाग घेऊन बाहेर आला. सटवानं विटकर झिजवली, डाग हलेना. लग्न तोंडावर आलेलं, दुसरा घडा भाजणार कधी?

ठकू निघाली. घड्याचा डाग मागे वळवला, आपले डाग पदराआड केले. पण मांडवात पाटलीणबाईंनी घडा हातात घेऊन फिरवला आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "डागाळलेला घडा माझ्या लेकीच्या मांडवात नको. जशी आणणारी, तसाच घडा."

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. धरणीनं पोटात घ्यावं, असं ठकूला वाटलं.

तेवढ्यात आतून आवाज आला, "मग मीबी नको."

चंपा उंबऱ्यात उभी होती. सकाळपासून आईनं तिच्या तोंडावर हळदीचा जाड थर थापला होता, का ते आता सगळ्यांना कळलं. हळद पुसलेली होती, आणि खाली ठकूसारखेच काळे डाग होते. लाजेनं तीही अर्धमेली झाली होती, पण मागे सरली नाही.

आता ठकूला वेगळीच लाज वाटली. नवरी उघड्या तोंडानं उभी, आणि आपण पदरात दडलेलो. तिनं पदर मागे सारला, पाटलीणबाईंच्या हातून घडा घेतला आणि डाग वऱ्हाडाकडे करून उतरंडीवर ठेवला. कुणी हसलं नाही. असं म्हणतात, की नवरदेवानं हळूच मुंडावळ्या बाजूला केल्या, तर त्याचेही गाल काही कोरे नव्हते.

पुढे चंपा माहेरी आली, की त्या घड्यातल्या पाण्यानं दोघी तोंड धुवायच्या. असं म्हणतात, की गालांवरचे डाग जसे फिके होत गेले, तसा घड्याचा डागही फिका होत गेला. तो पुरता गेला, तेव्हा ठकूचे गालही निवळले होते. तिला मात्र ते शेजारणीनं सांगितल्यावर कळलं. बघायचं तिनं कधीच सोडून दिलं होतं.

आजही उंबरठाणच्या मांडवात वरचा घडा डागाचाच लागतो. भट्टीतून सगळे घडे स्वच्छ निघाले, तर कुंभार कपाळाला हात लावतो. लग्न उरकलं, की एखादी बाई तो घडा पाण्यानं भरते आणि जिथं कुणी पोर तोंड लपवून बसली असेल त्या दाराशी नेते. आतून पोर विचारते, "कोण हाय?"

बाईचं नाव काहीही असो, ती म्हणते, "ठकू," आणि पदर मागे सारून उभी राहते.