अकराच्या अकरा नकार

"या बाईनं भर बाजारात मला खोटारडा म्हटलं, महाराज," दुर्गोजीराव दरबारात गरजले. "तिनं ते शाबीत करावं. नाहीतर तिचं मिठागर माझ्या नावावर करून द्यावं."

समोर गोमी उभी होती, पायाला खाडीचा चिखल तसाच. घरात तीन पोरी, म्हातारा सासरा आणि पोटाला तेवढं एकच मिठागर.

भानगड अशी होती. दर्यापारच्या सुलतानाशी महाराजांनी गेल्या दिवाळीत करार केला होता. आपले नारळ तिकडे बिनजकातीचे, तिकडलं मीठ इकडे बिनजकातीचं. करार ठरला तो अकरा मानकऱ्यांच्या मतानं; दुर्गोजीराव त्यांतलेच एक. रीत जुनीच: मडक्यावर भरजरी कापड झाकायचं, त्याखालून एकेकानं मूठ घालायची. होकार असेल तर चिंचोका टाकायचा, नकार असेल तर गुंज. मडकं उपडं केलं तेव्हा सात चिंचोके निघाले, चार गुंजा. कुणी काय टाकलं ते मडक्याला ठाऊक, आणि मडकं काही बोलत नाही. मानकऱ्यांचा या रितीवर भारी जीव होता, तो काय उगाच?

पुढे परक्या मिठानं गावची मिठागरं बसायला आली, तसे दुर्गोजीराव गावोगाव सांगत सुटले, "मी तुमच्यासाठी भांडलो हो. मी गुंजच टाकली." त्यावर गोमीनं भर बाजारात विचारलं, "मग कराराच्या महिनाभर आधी बंदरावर मिठाची वखार कशाला बांधलीत? खोटं बोलता, रावसाहेब."

महाराजांना भूक लागली होती. ते म्हणाले, "वखार हा काही पुरावा नव्हे. गेल्या दिवाळीत यांच्या मुठीत काय होतं ते आज ताटं वाढायच्या आत दाखव. नाहीतर मिठागर गेलं म्हणून समज."

दरबारी खो खो हसले. गोमी मागे सरली नाही.

"दाखवते, महाराज. पण एकट्या रावसाहेबांनाच का? अकराही जणांना विचारा. बाहेर, लोकांसमोर."

बाहेर तीनशे मिठागरवाले जमले होते, हातात फावडी. पहिल्या मानकऱ्यानं आधी फावडी पाहिली आणि मग तोंड उघडलं. "मी गुंज टाकली." दुसऱ्यानंही गुंजच टाकलेली. तिसऱ्याच्या तर गुंज टाकताना डोळ्यांत पाणी आलं होतं म्हणे. असं करत करत शेवटची पाळी आली दुर्गोजीरावांची. "गुंज. खोटं असेल तर हा हात झडो."

"संपलं की," महाराज म्हणाले. "हरलीस तू."

"हरले, महाराज. पण मग करारही हरला." गोमीनं हात जोडले. "अकराच्या अकरा नकार. एवढी मोठी माणसं कशाला खोटं बोलतील? मडकंच लबाड निघालं म्हणायचं. करार फाडा, आणि खाडीच्या तोंडाशी सुलतानाची तीन गलबतं मीठ घेऊन उभी आहेत, ती आल्या वाटेनं परत धाडा."

महाराजांनी मान डोलावली. "बरोबर बोलते. आणा तो करार."

करार आला. महाराजांनी तो दोन्ही हातांत धरला. दुर्गोजीरावांना दरदरून घाम फुटला. ती तिन्ही गलबतं त्यांच्याच वखारीत रिकामी व्हायची होती. कागद टर्रकन बोटभर फाटला.

"थांबा, महाराज! करार खरा आहे. सात चिंचोके पडलेच होते. त्यातला एक तर माझाच!"

महाराजांचे हात थांबले.

"ही घ्या दिवाळीची मूठ, महाराज," गोमी म्हणाली. "माझा हातसुद्धा लागला नाही, आपली आपण उघडली. आणि ताटं अजून वाढायची आहेत."

महाराज इतके हसले की पगडी कानावर आली. मिठागर गोमीचं राहिलं, बंदरावरची वखार मिठागरवाल्यांना मिळाली, आणि मडक्यावरचं ते भरजरी कापड महाराजांनी गोमीला दिलं, पोरींना परकर शिवायला.

करार त्याच दिवशी पुन्हा मताला आला. या खेपेला मडक्यावर कापड नव्हतं, भोवती फावडी मात्र होती. अकरा गुंजा पडल्या, आणि सगळ्यांत आधी पडली ती दुर्गोजीरावांची.