खाच बघ

“…मग हा मदरबोर्ड तिला आत का घेत नाही, महाराज?”

चिदंबरच्या कपाळावर घाम होता. हातात रॅमची, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेमरीची, नवी कोरी पट्टी होती. मठातल्या जुन्या कॉम्प्युटरचं झाकण उघडून तो सकाळपासून झटत होता.

सोमगिरी महाराज भुईमुगाच्या शेंगा सोलत बसले होते.

“खाच बघ,” ते म्हणाले.

चिदंबरनं डोळे मिटले. महाराजांच्या साध्या बोलण्यातला गूढ अर्थ मठात फक्त आपल्यालाच कळतो, अशी त्याची खात्री होती.

“दिसली,” थोड्या वेळानं तो म्हणाला. “माझ्या मनातली अहंकाराची खाच…”

“पट्टीवरची बघ.”

दाराशी पार्वतीअक्का ठेवणीतलं लुगडं नेसून बसल्या होत्या. त्यांचा मुलगा यशवंत मालवाहू बोटीवर होता. आज बोट बंदराला लागणार होती आणि दुपारी तो व्हिडिओ कॉल करणार होता. टेकडीवर मोबाइलला रेंज नव्हती, त्यामुळं सगळी भिस्त मठाच्या कॉम्प्युटरवर.

गेल्या खेपेला मेमरी कमी पडून कॉम्प्युटर अडकला. यशवंतचं तोंड उघडं असतानाच चित्र थिजलं. अक्का त्या चित्राशी पुष्कळ वेळ बोलत राहिल्या. पोरगं कधी नव्हे ते मुकाट ऐकून घेतंय, म्हणून खूश झाल्या.

खरं कळलं तेव्हा मात्र त्या रडल्या. तेव्हाच चिदंबरनं मेमरी वाढवायचा विडा उचलला होता.

“महाराज, ही डीडीआर-फोर आहे, नव्या पिढीची. किती वेगवान! या जुन्या बोर्डानं तर हिला ओवाळून आत घ्यायला हवं.”

“बोर्डावरचा स्लॉट जुन्या डीडीआर-थ्रीचा आहे.”

“तिनातून चारात जाणं, हीच तर साधना!”

“पट्टीची खाच एकीकडं, स्लॉटातला दात दुसरीकडं. बसणार नाही.”

“उलटी करून पाहू?”

“पाहा.”

उलटीही बसली नाही.

“साधकानं सगळा जोर पणाला लावला तर…?”

“मोडेल.”

चिदंबर गंभीर झाला. आवाज खाली आणून त्यानं विचारलं, “काय मोडेल, महाराज? साधक… की त्याचा अहंकार?”

“बोर्ड.”

अक्का उठून जवळ आल्या. उघड्या डब्यात वाकून बघत म्हणाल्या, “माझा यशवंता ह्यात मावंना व्हय रं?”

चिदंबरचे कान तापले. त्यानं पहिल्यांदाच पट्टी स्लॉटाशेजारी धरून नीट पाहिली. खाच आणि दात यांच्यात जोंधळ्याच्या दाण्याएवढं अंतर होतं.

“अक्का,” तो पुटपुटला, “मी चुकीची आणली.”

…

महाराजांनी हात झटकले. अडगळीच्या खोलीत एक मेलेला कॉम्प्युटर पडून होता. त्यातली पट्टी त्यांनी काढली, खोडरबरानं तिची पिवळी कड घासली आणि चिदंबरच्या हातात दिली.

“खाच बघ.”

या वेळी चिदंबरनं डोळे मिटले नाहीत.

त्यानं पट्टी रिकाम्या स्लॉटात अलगद दाबली. टक्… दोन्हीकडच्या कड्या आपोआप मिटल्या.

दुपारी पडद्यावर यशवंत आला. हसला, मान वळवून मागचा समुद्र दाखवू लागला.

“अगं बया, हा तर हलतोय!” अक्का दचकल्या. मग पदरानं डोळे टिपून त्यांनी लगेच दटावलं, “मधी बोलू नगंस. गेल्या बारीला बघ, कसा शान्यावानी गप बसला हुतास!”

यशवंत खरंच गप्प बसला. आईकडं बघत राहिला.

चिदंबरला गहिवरून आलं. त्यानं महाराजांचे पाय धरले.

“कळलं, महाराज! जुनं तेच खरं. नव्याचा मोह…”

“नवी पट्टी चांगलीच आहे.”

“मग… प्रत्येकाची जागा ठरलेली असते, असं?”

महाराजांनी पुन्हा शेंगा सोलायला घेतल्या.

“मग मी यातून शिकायचं तरी काय?”

महाराजांनी हातातलं टरफल बाजूला टाकलं.

“दुकानात जाताना,” ते म्हणाले, “जुनी पट्टी खिशात घालून न्यायची.”