थोरलीच्या फळ्या

होड्या नाखव्यांशी बोलत असत त्या काळची गोष्ट. एका साध्याच सकाळी, किनाऱ्यावर जाळी वाळत असताना, पलीकडच्या बंदरातून बातमी आली की थोरली होडी मोडीत काढली. धाकटी होडी याच किनाऱ्यावर हशा नाखव्याकडे होती. दोघी एकाच सुताराच्या हातच्या, सख्ख्या बहिणी.

दुपारी थोरलीच्या डेकच्या सागवानी फळ्या येऊन पडल्या, करड्या आणि खरबरीत. नाखव्याने शेजारी प्लास्टिकच्या नकली सागाच्या नव्याकोऱ्या फळ्या मांडल्या. धाकटीचा डेक पार कुजला होता आणि शिमग्याची शर्यत आठ दिवसांवर आली होती.

"आम्हाला ना तेल लागतं, ना घासणं," नकली फळी म्हणाली. "या म्हाताऱ्यांना चुलीत घाला."

नाखव्यालाही ते पटत होतं. "धाकटे, नवं लुगडं नेसून शर्यतीत उतर की."

"नाखवा, आधी दोन्हींवर अनवाणी उभे राहा," धाकटी म्हणाली. "तुमचे वल्हवणारे तसेच उभे राहतात."

ऊन डोक्यावर होतं. नकली फळीवर पाय टेकताच नाखवा कळवळून उडाला, तो थेट सागावर. तिथे मात्र तो उभा राहिला.

शर्यतीच्या भर दुपारी शेजारच्या होडीवरचे गडी नकली डेकवर एकेक पाय उचलत नाचत होते. धाकटीचे वल्हवणारे सागावर पाय रोवून होते. चार होड्या मागे टाकून ती पहिली काठाला लागली आणि बंदर ढोल-ताशांनी दणाणलं. नाखव्याने फळीफळीला गुलाल लावला.

थोरलीला एकदा भेटून यायचं मात्र धाकटीचं राहूनच गेलं.