पवळ्याच्या पाठीवरचे दोन शहाणे

फार वर्षांमागं एका तेल्याकडं पवळ्या बैल, कपिला गाय आणि त्यांचं वासरू राहायचं. डोळ्यांवर झापड बांधून पवळ्या दिवसभर घाणा ओढी. एक दिवस त्यानं वैरणच सोडली. आता हा जगतोय कसला, म्हणून कपिला घाबरली.

तिनं बगळा आणि कावळा असे दोन शहाणे बोलावले. ते येऊन पवळ्याच्या पाठीवरच बसले.

बगळा म्हणाला, "दुखणं मनाचं आहे. आपण काशीला चाललोय असं समज, बाबा."

कावळा खेकसला, "मनबिन सगळं खोटं! जू मोडलं की दुःख संपलं."

"मग मोडता का, भाऊजी?" कपिलेनं विचारलं.

"छे! आधी या बगळ्याला पटू तर दे."

"अहो, पवळ्याची मान सोलवटलीय अन् जीवही झुरतोय. तुम्ही आधी पाठीवरून उतरा!" कपिलेनं शिंगं उगारली.

मग तिनं पवळ्याची मान चाटली आणि कानात काही सांगितलं. सकाळी पवळ्या उठेना, कपिलेनं पान्हा चोरला. ना तेल, ना दूध! तिसऱ्या दिवशी तेली नरमला. जुवाला गादी आली, झापड सुटली, दुपारची विश्रांती मिळाली.

बैल कुणामुळं बरा झाला, यावर ते दोघं शहाणे चिंचेवर अजून भांडतात. खाली पवळ्या-कपिला निवांत रवंथ करतात आणि वासरू बापाच्या पोटाला टेकून झोपतं.